एक जूनची मुलगी

"तान्ह्या पोळ्याले सकाळी वर्षाली झाली अन् दुपारी तू," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि ओल्या हरभऱ्याच्या दोन जुड्या हातात घेऊन कुठले घाटे भरलेले आहेत ते बोटांनी दाबून पाहू लागल्या. शनिवारची सकाळ, अकोल्याच्या जुन्या शहरातला बाजार, अकराचं ऊन. वर्षाली म्हणजे प्रणालीची चुलतबहीण. प्रणाली हसली. पंचाहत्तरी ओलांडलेलं माणूस, अकोटला नर्स म्हणून उभी हयात गेलेली, हजारभर बाळंतपणं केलेली. होणारच थोडी सरमिसळ. "नाही मावशी, वर्षालीताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. हा सूर तिला कॉलेजात रोज लागायचा, तो बाजारातही आपोआप लागला. सत्यवतीबाईंनी मान वर केली. "कोन म्हनते? वर्षाली सरकी, डोक्यानं आली बाप्पा. तू पायाळू. दोन घंटे जीव टांगला होता तुया मायचा. बाहेर पोट्टे लाकडाचे बैल घेऊन बोजाऱ्याचे पैसे मागून राहिले होते, अन् तुई माय आतमंदी कोकलून राहिली होती. इसरीन का मी?" मग त्यांनी हरभरेवाल्याला भाव विचारला, तो ऐकून त्याला दोन शब्द सुनावले आणि पिशवी सावरत त्या पुढच्या गाड्याकडे निघूनही गेल्या.

सगळी सरमिसळ होऊ शकते, पण पायाळू? प्रणाली पायाळू होती हे अकोटच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणाच्या पाठीत चमक भरली की ते माणूस दारात येऊन पालथं पडायचं आणि आई तिला बखोटीला धरून पुढे करायची. "हळूच लाथ मार, माय." इवल्याशा तळव्याखाली परक्या माणसाची गरम, घामट पाठ आणि तिच्यातून उमटणारा सुस्कारा. आपल्या पायांत काहीतरी आहे, इतरांच्या पायांत नाही, ही स्वतःच्या शरीराविषयीची तिची सगळ्यात जुनी जाणीव. एरवी मूल स्वतःला आरशात ओळखतं ते दीड वर्षाच्या आसपास. कॉलेजात मानसशास्त्राच्या वर्गात ती हे दरवर्षी शिकवायची. तिची लेक जुईली दीड वर्षाची झाली तेव्हा तिच्या नाकावर काजळाची तीट लावून तिला आरशापुढे बसवून पाहिलंही होतं. पहिल्या दिवशी जुईलीनं आरशातल्या बाळाचं नाक पुसायचा प्रयत्न केला, आणि दोन आठवड्यांनी एकदम स्वतःचं. तेव्हा प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एवढं कळणारी बाई, आणि आपण कोणत्या वर्षी जन्मलो हे तिला हरभऱ्याच्या गाड्यापाशी कळत होतं.

कारण वर्षालीचा जन्म काही लपवलेला नव्हता. तान्ह्या पोळ्याची पोट्टी म्हणून तिचं गल्लीभर कौतुक होतं आणि सन चौऱ्याऐंशी तिच्या पाटीवरसुद्धा रंगवलेलं होतं. प्रणालीची तारीख होती एक जून एकोणीसशे शहाऐंशी. शाळेच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, आधार कार्डावर, लग्न ठरवताना सासरी गेलेल्या कुंडलीवर, अमरावतीच्या महिला महाविद्यालयातल्या तिच्या सेवापुस्तकावर. वर्गात निम्म्या मुलांची एक जूनच होती. गुरुजी लोक अशीच लिहायचे, शाळा सुरू व्हायच्या तोंडावर, हिशेबाला सोपी. पण दिवस इकडचा तिकडे करणं वेगळं. वर्षं कशी इकडची तिकडे होतील? आणि गुरुजी तरी कोण, तर तिचे स्वतःचे बाबा. नत्थुजी गुरुजी. कॉपी करताना सापडलेल्या पोराला भर वर्गात थोबाडीत मारून, मग संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन त्याच्या बापाची माफी मागणारे. चार वर्षांपूर्वी गेले तेव्हा अंत्ययात्रेत माणसं रडत होती. त्यांचे विद्यार्थी म्हणाले होते, गुरुजी खोटं बोलले नाहीत कधी.

आणि सोमवारी जुईलीचं चौथं इंजेक्शन होतं. बाजारातून माहेरच्या घराकडे चालताना हा विचार मागून येणाऱ्या ऑटोसारखा तिच्या अगदी अंगावर आला आणि ती एका टेलरच्या दुकानाच्या पायरीला टेकून उभी राहिली. जुईलीला दिवाळीत आठ पूर्ण झाली. त्याच सुमाराला आंघोळ घालताना प्रणालीला वयात येण्याची पहिली खूण दिसली. नवरा, नितेश, म्हणाला, "अगं, हल्ली होतं असं, बघू जरा." ती बघत बसणारी नव्हती. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय थोडं पुढे आहे, फार नाही, थांबूनही पाहता येईल, असं त्या म्हणत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला स्वतःला पहिली पाळी कितव्या वर्षी?" आणि प्रणालीनं सांगितलं, "नऊ." डॉक्टरबाईंचं पेन क्षणभर थांबलं. "मग मुलीचं आणखी आधी होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला थांबवायचंच असेल तर आपण सुरू करू." थांबवायचंच होतं. जे आपल्या वाट्याला आलं ते हिच्या वाट्याला येऊ द्यायचं नव्हतं. दर अठ्ठावीस दिवसांनी मांडीत सुई. पहिल्या वेळी जुईली इतकी किंचाळली की बाहेरची लहान मुलं रडायला लागली, आणि घरी आल्यावर तिनं विचारलं होतं, "आई, माझं काय बिघडलंय?"

जे आपल्या वाट्याला आलं ते. ते नेमकं काय होतं? रांगेत कायम शेवटी उभं राहणं. उंचीप्रमाणे रांग लावली की सगळ्यात मागे प्रणाली, पुढे चिमण्यांसारख्या चिवचिवणाऱ्या पोरी, आणि बाईंचा आवाज, "ए लंबू, वाकून उभी राहा, कवायत आहे, ताडाचं झाड नाही." ती वाकायला शिकली. खांदे पुढे, मान खाली, हात छातीशी घट्ट बांधलेले. अजूनही फोटोत ती तशीच येते. चौथीतच तिच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास यायला लागला आणि बाकावरची मुलगी सरकून बसली. ती सरकलेली वीतभर जागा प्रणालीला आजही दाखवता येईल. आणि मग त्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, शाळेच्या संडासात. तिला वाटलं, आपण मरणार. घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा आई पांढरीफटक पडली, तिनं आधी दार लावून घेतलं, मग खिडकी. "कोनाले सांगू नोको. बाईले नोको, पोरीयले नोको, वर्षालीलेबी नोको. लवकर आली तुले. लोक काय म्हनतीन?" माजघराच्या मागच्या खोलीत जुन्या लुगड्याच्या घड्या आणि दर महिन्याला चार दिवस 'पोटात दुखते' म्हणून शाळेला चिठ्ठी. त्याच हिवाळ्यात अकोटला वर्षालीताई न्हाती झाली, तर तिला नवा परकर, हिरव्या बांगड्या, ओटी भरायला सात बाया, गव्हाची खीर. प्रणाली त्या कार्यक्रमाला पाहुणी म्हणून गेली होती. स्वतःचे चार दिवस चालू असताना, कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन, हातात खिरीची वाटी. वर्षालीताईचं वय झालेलं आहे, म्हणून तिचं कौतुक; आपलं वय नाही, म्हणून आपण लपायचं, असं तिनं त्या वाटीत बघत स्वतःला समजावलं होतं. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुली एकाच हिवाळ्यात न्हात्या झाल्या होत्या, यात नवल ते काय होतं?

टेलरच्या मशीनचा खडखडाट चालू होता. "बसता का मॅडम, पानी देऊ?" त्यानं विचारलं. तिनं मान हलवली आणि चालू लागली. आता एकेक गोष्ट आपणहून समोर येत होती, इतकी वर्षं रांगेत मागे उभी राहून कंटाळल्यासारखी. दात. पहिलीच्या वर्गात सगळ्यांचे पुढचे दात पडत होते, जिभेनं हलवायचे, हातात घेऊन एकमेकांना दाखवायचे. हिचे मात्र पडून नवे मोठे आलेले, म्हणून ती दातरी. आपले दात कधी पडले हे आठवायचं म्हटलं तर अकोटचंच घर आठवायचं, छपरावर फेकलेला दात, मागे उभी असलेली आणि खिदळणारी वर्षाली. ताई नव्हे, वर्षाली. हो, तेव्हा ती नुसती वर्षाली होती! दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींना अरेतुरे करायच्या, बाबांच्या शाळेत शेजारी बसायच्या. प्रणालीचं नाव तिथल्या हजेरीत नव्हतं, गुरुजींची मुलगी म्हणून ती नुसतीच बसायची, दोन वर्षं बसली, बाराखडी, पाढे, सगळं येत होतं. मग बाबांची अकोल्याला बदली झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात वर्षाली राहायला आली तेव्हा आईनं पाठीला चिमटा काढून सांगितलं, "ताई म्हन तिले." "काहून?" "मोठी हाय ते तुयाहून." वर्षालीनं डोळे मोठे केले, आणि ते मानाचं पद लगेच पदरात पाडून घेऊन त्या दिवसापासून प्रणालीकडून पाण्याचे पेले मागायला सुरुवात केली. गेली तेहतीस वर्षं प्रणाली तिला ताई म्हणत होती. तिच्या पाया पडत होती.

आणि ती जून महिन्यातली सकाळ. अकोल्याच्या नव्या शाळेचं ऑफिस, भिंतीवर पाल, टेबलावर मोठं रजिस्टर, बाबांच्या हातात पेन. टेबलामागच्या बाईंनी गोड आवाजात विचारलं, "किती वर्षांची गं तू?" आणि तिनं खणखणीत सांगितलं, "आठ." बाबा हसले. मोकळेपणानं, मान मागे टाकून. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "सहा, बाळा. आठपर्यंत मोजता येतं म्हणून काहीही सांगायचं का?" बाईही हसल्या, हुशार आहे म्हणाल्या. प्रणालीनं बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावर लबाडी नव्हती. प्रेम होतं. मग आपलंच मोजायचं चुकलं असेल. तिनं बोटांकडे पाहिलं, त्यांतली दोन मिटली आणि म्हणाली, "सहा." त्यानंतर वर्गात तिचा नेहमी पहिला नंबर. स्कॉलरशिप. 'नत्थुजी गुरुजींची पोरगी, तल्लख हाय.' सहा वर्षांच्या पोरींमध्ये आठ वर्षांची पोरगी तल्लख निघणारच! शरीराची लाज खोटी होती हे कळलं तेव्हा कुठेतरी हायसं वाटायला हवं होतं, पण तिच्यासोबत हुशारीही चालली होती, आणि ती एकच गोष्ट तिनं आजवर स्वतःची म्हणून जपली होती.

घराचं दार उघडं होतं. गच्चीवरून जुईलीचा आवाज येत होता, शेजारच्या मुलीबरोबर काहीतरी शाळा-शाळा चाललं होतं. आई, कौशल्या, पंख्याखाली बसून तांदूळ निवडत होती. "आनला का हरभरा?" तिनं विचारलं. भिंतीवर बाबांचा फोटो, चंदनाचा हार. प्रणाली कॉलेजात, डॉक्टरांकडे, जुईलीशी बोलायची ती पुस्तकातली मराठी दारातच गळून पडली. "माया जलम कदीचा हाय, आई?"

कौशल्याबाईंचा हात तांदळात थांबला. त्यांनी विचारलं नाही, कोणता जन्म, कसला जन्म. "कोनं सांगतलं?" त्या म्हणाल्या.

"सत्यवतीबाईनं."

"त्या बुढीचं तोंड कदी बंद राह्यलं?" त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला. "दोन वर्षाचीच तं गोठ हाय. तेबी पुरे दोन नाही. तुया बाबानं सोताच्या हातानं लिवलं. तुयंच लिवलं का? आर्ध्या गावाच्या पोरायचं लिवलं त्याईनं. कोनी फौजेत गेलं, कोनी तलाठी झालं. आजबी मले रस्त्यात पाया पडतात. तुयंबी भलंच झालं न? नोकरी लागली तवा वयात बसली, अन् आता दोन वर्ष जास्ती पगार खाशीन."

"मले काहून नाही सांगतलं?"

"लहान लेकराच्या पोटात गोठ राह्यते का? तू शायेत बोलली असती. अन् मोठी झाल्यावर कायले सांगाव, नोकरीवाल्या बाईले? चुकून तुया तोंडातून निंगालं असतं तं?"

"अन् पाळी आली तवा?" प्रणालीचा आवाज चिरकला. "कोनाले सांगू नोको म्हनलं तू. मले वाटलं मायातच काही खोट हाय. मी रात रात रडली, आई. नववं वर्ष म्हनून तू मले त्या वैद्याकडे नेलं, कडू काढे पाजले."

"शायेतल्या बाईनं पायलं असतं तं तिनं बोटावर मोजलं नसतं का?" कौशल्याबाई आता चिडल्या होत्या, खरं बोलायची वेळ आली की त्या चिडायच्याच. "नऊ वर्षाची पोट्टी न्हाती झाली म्हनल्यावर रजिस्टर कोनी तरी पायलं असतं. बाबाची नोकरी गेली असती. काढा तं शेजारनीसाठी होता. तिनंच पायलं होतं तुया लुगड्याचं वाळवन. काही तरी कराच लागलं."

प्रणाली खाली बसली. पीएच.डी.साठी तिनं अमरावती जिल्ह्यातल्या, पार चांदूर बाजारपर्यंतच्या एकशे बारा मुलींशी बोलून प्रबंध लिहिला होता, लवकर वयात येणाऱ्या मुलींच्या मनावर. त्याच्या प्रस्तावनेत, नाव न घेता, स्वतःचंच उदाहरण. आईनं दार-खिडकी लावून घेणं, 'कुणाला सांगू नकोस'. त्यावर तिनं चार पानं लिहिली होती, पाळीविषयीची परंपरागत लाज, आईकडून मुलीकडे येणारं मौन. परीक्षकांनी त्या चार पानांची विशेष स्तुती केली होती. आणि तिथे लाज वगैरे काही नव्हतं. तिथे एक रजिस्टर होतं. आई तिच्या शरीराला घाबरली नव्हती, कागदाला घाबरली होती, आणि शरीरानं मुकाट्यानं कागदाप्रमाणे वागावं अशी तिची साधी अपेक्षा होती.

"अन् जुईली?" ती म्हणाली. ही गोष्ट तिला विचारायचीच नव्हती. बाजारापासून घरापर्यंत ती या गोष्टीभोवती फिरत राहिली होती, कारण उत्तर तिला माहीत होतं. नोव्हेंबरमध्ये आई अमरावतीलाच होती. डॉक्टरबाईंच्या टेबलासमोर दोन खुर्च्या, एकीवर प्रणाली, दुसरीवर आई. 'कितव्या वर्षी?' 'नऊ.' आई शेजारी बसून होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग आतल्या खोलीत नर्सनं सांगितलं, कुणीतरी पाय धरा. तेव्हा प्रणालीनं खांदे धरले आणि पाय आईनं धरले. "तवा तू तिथंच होती, आई. मी नऊ म्हनलं. तुले मालूम होतं अकरा. तू पाय धरले पोट्टीचे."

कौशल्याबाईंनी तांदळातला आणखी एक खडा शोधून बाजूला टाकला. गच्चीवर जुईली कुणालातरी पट्टी मारायची धमकी देत होती. "डॉक्टरनं कागदावर लिवलं असतं अकरा," त्या शेवटी म्हणाल्या. "तुयं नाव, तुयी तारीख, अन् खाली अकरा. कोनी पायलं असतं. तुया कॉलेजात गेला असता कागद."

"दवाखान्याचा कागद कॉलेजात जात नाही!"

"मले काय मालूम? मी चौथी शिकली." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊ आवाज प्रणालीला सगळ्यात सोसवेना. "अन् खरं सांगू का? मले वाईट नाही वाटलं. म्हनलं, लांबते तं लांबू दे. तुया बाबानं तुले दोन वर्ष देल्ले, तू तुया पोट्टीले देऊन राहिली. त्याच्यात वाईट काय?"

प्रणालीला आईला हलवून हलवून सांगायचं होतं की हे तसं नाही, डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत, एक्स-रे आहे. पण एक्स-रेवर डॉक्टरबाई थांबू म्हणाल्या होत्या. नऊवर सुई लागली होती. बाबांनी तिच्या कागदावरची दोन वर्षं काढून घेतली होती, आणि ती जुईलीच्या अंगातून काढत होती, तितक्याच प्रेमानं, तितकंच न विचारता. फोटोतले बाबा नेहमीसारखे समोर पाहत होते. ती उठली आणि तिनं फोटोवरचा हार काढला, मग हातात हार घेऊन नुसतीच उभी राहिली, कारण तो ठेवायचा कुठे हे तिला सुचेना. कौशल्याबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि परत फोटोला घातला. त्या दिवशी हरभरा कुणीच सोलला नाही.

रविवारी दुपारच्या एसटीत, मूर्तिजापूर मागे पडल्यावर, तिनं जुईलीला सांगितलं. अर्धी झोपेत असलेली जुईली खिडकीच्या गजाला कपाळ लावून बसली होती. सोपं करून सांगावं लागलं: मी शाळेत गेले तेव्हा आजोबांनी माझं वय दोन वर्षं कमी लिहिलं. मला ते माहीत नव्हतं. म्हणून मला वाटायचं, माझं शरीर फार घाई करतंय. ते घाई करत नव्हतं, वेळेवरच होतं. आणि तुझंही काही बिघडलेलं नाही. जुईलीनं हे सगळं ऐकून घेतलं आणि मुलांना जे विचारायचं असतं तेच विचारलं. "मग उद्या टोचायचं नाही?" "डॉक्टरबाईंना विचारू. मी त्यांना खरं सांगणार आहे." "खरं खरं?" "अगदी खरं." जुईलीनं थोडा विचार केला. "आजोबा खोटं बोलले?" प्रणालीला बाहेरची तुरीची कापलेली रानं दिसत होती, मैलोगणती काळी जमीन. "हो," ती म्हणाली. जुईलीनं तिच्या दंडाला डोकं टेकवलं आणि बडनेऱ्यापर्यंत शांत झोप काढली.

सोमवारी दवाखान्यात त्याच दोन खुर्च्या होत्या, दुसऱ्या खुर्चीवर या वेळी जुईली बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. फाइल उघडलेली होती आणि तिच्या पहिल्याच पानावर प्रणालीला उलट्या बाजूनंही स्पष्ट वाचता आलं: आई, नऊ वर्षे. रात्रभर तिनं वाक्य तयार केलं होतं. "डॉक्टर, एक दुरुस्ती करायची आहे. मला पाळी नवव्या वर्षी नाही, अकराव्या वर्षी आली. साडेअकरा." डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "केवढा फरक पडतो मॅडम त्यानं. आपण त्यावर तर सुरू केलं. नऊ कसं सांगितलंत तुम्ही?" त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, नुसता थकलेला. पेन कागदावर टेकलेलं होतं. आता सांगायचं होतं: माझी जन्मतारीख खोटी आहे. ते पेन ते वाक्य लिहून घेईल का? फाइलच्या कोपऱ्यात तिचं नाव होतं, नावाखाली व्यवसाय, प्राध्यापक, आणि कॉलेजचं नावही. नर्स दारात उभी होती. नर्सची बहीण त्यांच्याच कॉलेजात क्लार्क होती. दवाखान्याचा कागद कॉलेजात जात नाही, हे तिनंच परवा ओरडून सांगितलं होतं. पदर नव्हता, म्हणून तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"माझ्या आईच्या सांगण्यात चूक झाली," ती म्हणाली. "वय झालंय तिचं. आठवण राहत नाही."

शेजारच्या खुर्चीवर हलणारे पाय थांबले. प्रणालीनं तिकडे पाहिलं नाही.

"होतं असं," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी नऊवर आडवी रेघ मारून वर अकरा लिहिलं. मग बराच वेळ त्या एक्स-रे उजेडाला धरून पाहत राहिल्या. आता चित्र वेगळं दिसतंय, त्या म्हणाल्या, आजचं इंजेक्शन नको, दर तीन महिन्यांनी उंची आणि वाढ बघत राहू, काळजी करण्यासारखं काही वाटत नाही. जे ऐकायला ती आली होती ते सगळं त्यांनी सांगितलं आणि प्रणालीनं मान हलवून ऐकलं. नवीन कागद पुढे ओढून डॉक्टरबाई जुईलीकडे वळल्या आणि मुलांसाठी राखून ठेवलेलं हसू हसल्या. "सुटलीस बघ सुईतून. आता सांग, किती वर्षांची झालीस तू?"

जुईलीला हे येत होतं. बालवाडीपासून प्रत्येक पाहुण्याला तिनं हे उत्तर विचारायच्या आत देऊन टाकलेलं होतं. तिनं तोंड उघडलं, शब्द ओठांवर आला, आणि तिथेच थांबून तिनं मान वळवली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

ती नजर प्रणालीला ओळखता आली. जून महिना, टेबल, रजिस्टर, भिंतीवर पाल. "आठ," ती घाईघाईनं म्हणाली. "आठच वर्षं झालीत तुला, बाळा. सांग ना. खरंच आठ."

"आठ," जुईली म्हणाली, आणि डॉक्टरबाईंनी लिहून घेतलं.